माझ्या नावावरची चंगाई

११ जानेवारी

आज बाजारात एक बाई माझ्या पाया पडली!

मोहाडीच्या बाजारात सांभाराची जुडी निवडत होते. मागून कुणीतरी पदराला हात लावला. "तुमी मनिष पास्टरच्या आई ना जी? कॅन्सरवाल्या?" भर बाजारात असं कुणी विचारलं की अंगावर काटा येतो. हो म्हटलं, तर बाई वाकलीच. सुलोचनाबाई नाव सांगितलं, आंबागडकडची. म्हणे, "तुमाले डोळ्यानं पाहिलं, आता मले बाकी काही नाई पायजे. बिना ऑपरेशनची गाठ गेली तुमची! तुमचा पोरगा सांगते ना मोबाइलवर."

बिना ऑपरेशनची.

भाजीवाली वैतागली — "घेता का ठेवता, बाई?" जुडी तिथंच ठेवून घरी आले.

१२ जानेवारी, रविवार

उपासना आटोपल्यावर सुनेला म्हटलं, तेजू, दाखव तो व्हिडिओ. आधी म्हणे कोणता. मग म्हणे नेट संपलं. शेवटी लावून दिला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. माझ्यासोबत बसली नाही.

मनिष पांढऱ्या कोटात. मागे निळा पडदा. रडतोय — आणि खरं रडतोय, त्याचं खोटं रडणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. "डॉक्टर बोले, माँ को घर ले जाओ." कोणता डॉक्टर? "मैंने सिर पर हाथ रखा, गाठ पिघल गई. मेरी माँ को चाकू नहीं लगा!" मागे बाजा, लोकांचं ओरडणं.

चाकू नहीं लगा!

तीन वर्षांपूर्वी नागपूरला माझा डावा स्तन काढला. पूर्ण. आधी केमो — केस गेले, नखं काळी पडली. मग ऑपरेशन, मग रेडिएशनचा शेक. हाच मनिष ऑपरेशनच्या दारापुढे बसून होता. यानंच चमच्यानं मुगाचं पाणी पाजलं मला. ब्लाउजमध्ये कापसाची गादी शिवून घेते मी. शिंपिणीशिवाय गावात कुणाला माहीत नाही. ती काय सांगत फिरायची गोष्ट आहे? मोठा आजार होता, नागपूरला इलाज झाला, एवढंच लोकांना ठाऊक.

माझ्या पदराखाली कुणी बघणार नाही, या भरवशावर माझ्या लेकाची सेवा चालली आहे.

१४ जानेवारी

जेवताना विचारलं. "मला चाकू लागला नाही म्हणे?"

पोळी मोडता मोडता थांबला. "आई, तू अर्धीच गोष्ट पाहून राहिली. काढलेल्या भागात काही सापडलं होतं का? डॉक्टर स्वतः म्हणाला ना, गाठ उरलीच नाही म्हणून? मग कोणी घालवली?"

"केमोनं घालवली. तोच डॉक्टर म्हणाला, केमो चांगली लागू पडली."

"त्याले आत्म्याच्या गोष्टी कशा समजतील? गाठ पहिलेच गेली होती. त्याइनं उगाच कापलं."

उगाच कापलं!

"मग तेवढं तरी सांग लोकांना. उगाच का होईना, पण कापलं म्हणून."

"लोकाइचा विश्वास हलते, आई."

जेवला, हात धुतले, चष्मा पुसला आणि गेला. स्वतःच्या डोळ्यांवर कधी हात ठेवत नाही हा. नंबर वाढला की भंडाऱ्याला जाऊन नवा चष्मा आणतो.

१५ जानेवारी

त्याचा स्वतःचा विश्वास बसलाय का त्यावर? दिवसभर हेच डोक्यात. नुसता लबाड असता तर बरं झालं असतं. लबाडाला लाज तरी आणता येते.

१९ जानेवारी, रविवार

मंडळीत बसायला जागा नव्हती. टिनाच्या शेडबाहेर खुर्च्या टाकल्या. हे पास्टर होते तेव्हा चटईवर मोजकी माणसं असायची — त्यातला एक गोपीचंदभाऊ, तोही अर्ध्या प्रवचनात डुलक्या घ्यायचा.

हे गेले त्याला आता सहा वर्षं होतील. कधी कधी वाटतं, बरं झालं, हे पाहायला नाहीत. मग स्वतःचाच राग येतो.

सासऱ्यांचे हातमाग होते. यांनी प्रभू येशूचं नाव घेतलं तेव्हा सासऱ्यांनी यांच्या अंगावरचा सदरा उतरवून घेतला. "माझ्या मागावरचं कापड आहे, लक्ष्मण. काढ." हे उघड्या अंगानं गल्लीतून गेले. लोक पाहत होते. पुढे माझ्याशी लग्न, माझी शाळेतली नोकरी, यांची सायकल. पावसाळ्यात चिखल तुडवत खेड्यापाड्यांत जायचे. कुणी आजारी असलं की प्रार्थना करायचे आणि मग त्याच माणसाला सायकलवर बसवून दवाखान्यात न्यायचे. "डॉक्टरचे हात कोणी बनवले?" एवढंच म्हणायचे.

एकदा कुणी विचारलं होतं, पास्टर, खोटा शिक्षक ओळखायचा कसा? हे म्हणाले, तो बोलून बसला की तुम्हाला कोण आठवतं ते पाहा. देव आठवला तर ठीक. तोच तो आठवत राहिला तर घरी जा. आणि दुसरं — एकदा त्याला नाही म्हणून पाहा. मग तो काय करतो, ते पाहा.

आज उपासना सुटल्यावर बाया बोलत होत्या. "मनिषदादाचा चेहरा कसा चमकत होता!" "दादाचा हात लागला की अंगात करंट येते." देवाचं नाव मी तरी ऐकलं नाही.

मेंढरांच्या वेशातल्या लांडग्यापासून सांभाळा, हे आम्हाला फार शिकवलं. पण आपल्याच दुधावर वाढलेला असला तर काय करायचं, हे कुणी नाही शिकवलं.

२७ जानेवारी

तेजू थायरॉइडची गोळी पिठाच्या डब्यामागून काढत होती. मला पाहून दचकली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. घेतली. पास्टरची बायको!

२ फेब्रुवारी, रविवार

धुरपता आली दुपारी. आमच्या परसाला लागून तिचं घर. रोवणीला जाते, कापणीला जाते, निंदणाला जाते — हात कधी रिकामे नाहीत. मनिष लहान असताना माझ्या शाळेच्या वेळात तिनंच सांभाळला. तिच्या घरचे बौद्ध. सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या साली घरातले सगळे देव नेऊन वैनगंगेत सोडले, ही गोष्ट ती अजून अभिमानानं सांगते.

आज येऊन बसली आणि हसत हसत म्हणाली, "शोभाताई, मले बी तुमच्यासारखीच गाठ आहे."

पाखडता पाखडता मी सूप खाली ठेवलं.

दिवाळीपासून आहे म्हणे. बोराएवढी होती, आता मोठी झाली. दुखत नाही, म्हणून बरं! मनिषनं प्रार्थना केली, तेलाची बाटली दिली. रोज सकाळी लावते. "तुमची गेली तशी माझी बी जाईन. मनिषदादा म्हणे, धुरपताबाई, माझ्या मायले पाहा. म्हून मी तुमाले रोज भिंतीवरून पाहतो. तुमी कपडे वाळू घालता, झाडता, चांगल्या फिरता — मले धीर येते."

रोज पाहते मला! मी कपडे वाळत घालते आणि ती बाई मरत चालली आहे माझ्याकडे पाहून!

"दवाखान्यात चल उद्या," मी म्हटलं. तर म्हणे, "आता कायले? अर्धी बरी झाली मी."

३ फेब्रुवारी

सकाळी तिला घरात बोलावलं. दार लावलं. पदर काढला, ब्लाउजची बटणं काढली आणि तिचा हात धरून तिथं ठेवला. आजवर डॉक्टरशिवाय कुणाला दाखवलं नव्हतं. यांनीही पाहिलं नाही, हे आधीच गेले.

तिनं हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला, स्वतःहून. आडव्या शिवणीवरून बोट फिरवलं. "अवो बाई," म्हणाली.

"मनिष खोटं सांगतो, धुरपता. हे असं कापलं तेव्हा मी वाचले."

मला वाटलं झालं. समजलं हिला. साडी नीट केली, चहा ठेवला. चहा पिता पिता ती हळूच म्हणाली, "मनिषदादा मागच्याच हप्त्यात म्हणत होते मले. म्हणे आई घाबरली, डॉक्टरच्या नादी लागली, म्हून कापून घेतलं. नाईतर गाठ तशीच जात होती. म्हणे आई बोलन काही तर मनावर घेऊ नको, तिचा विश्वास थोडा कमजोर आहे."

म्हणजे माझ्या आधी पोचला होता तो! तिच्या कानात मला खोटी ठरवून ठेवलं होतं.

माझ्या मांडीवर वाढलं हे डोकं. एवढं हुशार कधी झालं?

५ फेब्रुवारी

भांडण. शेजारपाजार ऐकेल इतकं.

"तू सांग तिला. तुझं ऐकेल ती. मुलासारखा सांभाळलाय तिनं तुला! दवाखान्यात जा, एवढंच सांग."

"मी तिले अडवलं का? ती तिची श्रद्धा आहे."

"तू जा म्हणाला नाहीस तर ती जाणार नाही, हे तुला माहीत आहे."

"आणि म्हटलं तर? उद्या सगळेच म्हणतील, पास्टरच दवाखान्यात पाठवते, मग हात कायले ठेवते? आई, तू समजून काहून नाही राहिली? बाबांनी जन्म घालवला आणि काय उभं राहिलं? एक शेड! मी उभं करून राहिलो. आणि हे सगळं तुझ्या साक्षीवर उभं आहे."

"ती माझी साक्ष नाही. तुझी आहे."

मग एकदम लहान आवाजात म्हणाला, "आई, मी त्या दारापुढे बसलो होतो ना, तेव्हा मी देवाले खरंच मागितलं होतं तुले."

ते मला माहीत आहे. म्हणूनच तर जास्त कडू लागतं. तिथं मागितलं ते खरं होतं. आणि त्याच खऱ्याचं यानं काय करून ठेवलं!

९ फेब्रुवारी, रविवार

गोपीचंदभाऊंकडे गेले. मंडळीत वडीलधारे म्हणून आता तेच. यांच्या शेवटच्या आजारात रात्रंदिवस जवळ होते. सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत होते, सोलतच राहिले.

"वहिनी, चूक आहे. नाही कोण म्हणते? पण लोक वाढले. पोरं दारू सोडून येऊन राहिले. आपणच पाय ओढावे का?"

"आणि धुरपता मेली तर?"

"प्रार्थना करू."

प्रार्थना करू! देवाच्या नावानं गप्प बसायची इतकी चांगली सोय दुसरी नाही.

उठले तर म्हणाले, "घरची गोष्ट आहे, वहिनी. बाहेर नका काढू."

१६ फेब्रुवारी, रविवार

धुरपताची मुलगी रत्नमाला आली. भंडाऱ्याला औषधांच्या दुकानात कामाला आहे, सुट्टीला घरी येते. माझी विद्यार्थिनी. आईच्या अंगावर गाठ आहे हे तिला आज कळलं — आंघोळीच्या वेळी पाठ चोळताना.

दारातूनच ओरडली. "मॅडम, तुमच्या पोरानं काय लावलं हे? आमच्या आजोबांनी घरातले देवऋषी, अंगारे-धुपारे सगळे हाकलले. आणि माझी माय तेलाची बाटली घेऊन बसली! तुमी शिकवलं मले विज्ञान. तुमीच!"

उभी राहून ऐकलं. तिनं बोलायलाच हवं होतं. मग तीच खाली बसली, रडली. माय ऐकत नाही म्हणे. जबरदस्ती केली तर जीव देईन म्हणते. "तिले फक्त तुमच्या घराचं पटते, मॅडम. तुमीच काही करा."

पुढच्या रविवारी शहापूरला मोठी चंगाई सभा आहे, आजारी बरे करायची. हायवेवरचं लग्नाचं लॉन घेतलंय. धुरपताही जाणार. मनिष कालपासून मागे लागलाय — आई, तू ये, फक्त स्टेजवर उभी राहा, बोलू नको काही.

संध्याकाळी त्याला म्हटलं, येते.

केवढा आनंद झाला त्याला! मिठी मारली.

२२ फेब्रुवारी

नवी साडी आणली माझ्यासाठी. मोतिया रंग, बारीक काठ. "स्टेजवर उठून दिसन." तेजू माझ्याकडे पाहत होती. तिला कळलंय.

मी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त प्रार्थना केली — शब्द आठवू देत आणि आवाज कापू नये. बाकी काही मागितलं नाही.

२४ फेब्रुवारी

काल लिहायची ताकद नव्हती. आज लिहिते. जसं झालं तसं.

दुपारची सभा. मंडप भरलेला, बाहेर ट्रॅक्टर, टेम्पो, गाड्याच गाड्या. हायवेवरून ट्रक गेला की मंडप थरथरायचा. पुढच्या रांगांत आजारी माणसं. एका बापानं पायांनी अधू मुलगी खांद्यावर आणलेली. धुरपता तिसऱ्या ओळीत, लुगडं बदलून, वेणीत फूल माळून. लग्नाला आल्यासारखी. सुलोचनाबाईही दिसली — बाजारातली. माझ्याकडे पाहून हात जोडले.

मनिषनं नेहमीची गोष्ट सांगितली. माँ को घर ले जाओ. चाकू नहीं लगा. मग, "ये है मेरी माँ!" लोक उभे राहिले. टाळ्या. मी चढले. त्यानं माझा हात वर केला. मी त्याच्या हातातला माइक घेतला. त्याला वाटलं धन्यवाद म्हणेन — दिला.

"मी शोभा. लक्ष्मणरावांची बायको. माझं ऑपरेशन झालंय, नागपूरला. डावा स्तन काढला आहे माझा. केमो घेतली, शेक घेतला. देवानं मला वाचवलं, डॉक्टरच्या हातानं वाचवलं. ज्या बाईच्या अंगावर गाठ असेल तिनं उद्या —"

माइक बंद झाला. मी बोलतच होते. "उद्या दवाखान्यात जा!" ओरडले मी. बाजा सुरू झाला.

मनिषचा चेहरा — नाही, ते नाही लिहिता येत.

दुसरा माइक घेतला त्यानं. "ये मेरी माँ नहीं बोल रही! मेरी माँ के अंदर से झूठ की आत्मा बोल रही है!" आणि माझ्या कपाळावर हात ठेवला. त्याच्या सभेत हात ठेवला की लोक मागे पडतात, मागे धरायला दोघं उभे असतात. मी पडले नाही. त्याच्या डोळ्यांत पाहत राहिले. तो हळू म्हणाला, माइक बाजूला करून — "आई, पड ना."

नाही म्हटलं.

तेव्हा ढकललं त्यानं. दोन्ही हातांनी.

पडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई मुक्त झाली म्हणून.

तेजूनं मला उठवलं. साडीचा पदर सुटला होता, तो तिनं सारखा केला. ब्लाउजमधली गादी सरकून वर आली होती. पुढच्या रांगेतल्या बायांनी पाहिलं असेल. पाहू दे. तेवढंच खरं होतं त्या मंडपात.

घरी येताना गाडीत, मोहाडीच्या फाट्यावर मनिष म्हणाला, "तू मले संपवलं आज."

२६ फेब्रुवारी

संपला कुठं? नवा व्हिडिओ आला. 'सैतानाने माझ्या आईलाही सोडले नाही.' माझे शब्द कापले, पडणं ठेवलं. आधीच्यापेक्षा जास्त लोक पाहताहेत.

१ मार्च

मनिष आणि तेजू शहापूरला राहायला गेले. भाड्याचं घर आधीच पाहून ठेवलं होतं म्हणे. जाताना पाया पडला नाही. तेजू पडली. तिच्या गोळ्यांची पट्टी पिठाच्या डब्यामागे राहिली होती, मी तिच्या पर्समध्ये टाकली.

२ मार्च, रविवार

मंडळीत गेले नाही. घरी बसून वाचलं, प्रार्थना केली. मन लागलं नाही. देवा, माझा विश्वास तुझ्यावर आहे, तुझ्या माणसांवरचा मात्र उडालाय — एवढंच म्हणाले.

गोपीचंदभाऊ दारापर्यंत आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "शेड रिकामं आहे आज, वहिनी. सगळे शहापूरले गेले." मी बसा म्हटलं नाही. गेले.

रस्त्यात लोक ओळख देत नाहीत. एका बाईनं मला पाहून पोराला मागे ओढलं. माझ्यात आत्मा आहे ना!

१० मार्च

धुरपता आली.

सभेपासून भिंतीवरून दिसत नव्हती. मीही हाक मारली नव्हती. काय तोंडानं मारणार? आज स्वतः आली. तेलाची बाटली घेऊन. ओट्यावर ठेवली.

"त्यानं तुमाले स्टेजवर ढकललं ना, शोभाताई, ते मी पाहिलं," म्हणाली. "पहिले मले बी तसंच ढकललं होतं त्यानं, जानेवारीत. मी पडली. मले वाटलं देवाचा धक्का आहे. पण तुमाले ढकलताना मले त्याचे हात दिसले. ते हात मी वळखतो. लहानपणी खाऊ नाई भेटला का असाच ढकले मले, दोन्ही हातानं. देव कुठचा? मनिष होये तो."

मग म्हणाली, "मायले ढकलणारा माणूस मले कायले बरा करन?"

सहा वर्षं मी वचनं धुंडाळली असती तरी मला हे असं सांगता आलं नसतं.

"चला," म्हणाली. "कोठी जायचं ते सांगा."

१८ मार्च

नागपूर. रत्नमाला, धुरपता, मी. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, पण गेलेलं नाही. ऑपरेशन लगेच करू, पुढे केमो. अजून दोन महिने तेल लावत बसली असती तर आपल्या हातात काही राहिलं नसतं.

धुरपता मोठ्या हिमतीनं ऐकत होती. बाहेर आल्यावर माझा दंड धरला तो बसमध्ये बसेपर्यंत सोडला नाही.

माझं ऑपरेशन करणारे डॉक्टर हेच; बरेच दिवस कंबर दुखते, तेही सांगितलं. म्हणाले, बाई, तुम्ही दीड वर्षात फिरकला नाहीत. कंबर दुखते म्हणता, मग तपासून घ्या. तपासण्या करून घेतल्या; फोनवर एका तेजूलाच सांगितलं.

२५ मार्च

मनिषचा फोन. महिन्यानं.

"कशी आहे तब्येत?" मी म्हटलं बरी. "कंबर दुखते म्हणे तुझी. तपासण्या केल्या म्हणे. तेजूनं सांगितलं." मग थोडं थांबून, "काही निघालं तर कोणाले सांगू नको, आई. पहिले मले सांग."

"का?"

"लोक विचारतील ना, साक्ष नाकारली म्हणून परत आलं का? मले काहीतरी सांगावं लागन."

काहीतरी सांगावं लागेल! माझ्या हाडांचंही प्रवचन तयार आहे याच्याकडे. हे असते तर — नको.

फोन ठेवताना म्हणाला, "जेवत जा वेळेवर." आणि ते मात्र माझ्या मनिषनं म्हटलं होतं. दोघं एकाच तोंडात राहतात, कोण कधी बोलेल सांगता येत नाही.

३१ मार्च

धुरपताची भरती उद्या-परवा. तिच्या घरी शहापूरच्या सभेतल्या दोघी येऊन बसल्या होत्या. चाकू लागला की आशीर्वाद जातो, शोभाबाईचं काय होते ते पाहाच, म्हणाल्या. तिला घाम फुटला. रत्नमालानं हाकललं त्यांना, पण बोललेलं राहिलं. "तुमी चांगल्या आहा ना जी?" मला सारखी विचारते. "तुमाले परत काही नाई ना?"

३ एप्रिल

सकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावून सांगितलं. हाडांत उतरलंय. कंबर, बरगड्या.

बाहेर धुरपता हिरव्या कपड्यांत स्ट्रेचरवर. आत न्यायला आलेले. माझा हात धरला. "काय निघालं तुमचं? खरं सांगा. तुमचं परत आलं असन तर मी नाई जात."

मी साक्ष दिली. "काही नाही निघालं, धुरपता. ठणठणीत आहे मी."

हसली ती. हात सोडला. आत गेली.